दोघांची लक्षद्वीप क्रूझ: मोठी बोट प्रवाळाच्या कडेपर्यंतच जाते

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघणारी क्रूझ अगत्तीच्या किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, आतलं लगून, म्हणजे कड्याच्या आत अडलेलं पाणी, उथळ आहे आणि एवढ्या खोल बुडाची बोट तिथे शिरूच शकत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि प्रवासी छोट्या बोटींतून उतरतात. कोकणच्या जुन्या आगबोटींचंही असंच होतं. कित्येक बंदरांत आगबोट बाहेर उभी राहायची आणि उतारू पडावातून काठावर यायचे. समुद्राला उधाण असलं की उतारू आणि पडाव दोघांची परीक्षा असायची. लक्षद्वीपला आजही तेच होतं. लोक नऊशे किलोमीटरच्या प्रवासाचं नियोजन करतात आणि शेवटचा छोटा टप्पा गृहीत धरतात. सहल फसते ती बहुधा तिथेच.

म्हणून बुकिंगआधी दोघांनी एकच प्रश्न सोडवा: आपल्याला बोट हवी आहे की बेट?

बोट हवी असेल, म्हणजे दोन दिवस समुद्र बघत लोळणं, गाणं-नाचणं, तयार जेवण, आणि जमलं तर बेट, तर मुंबईची क्रूझ योग्य. कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करू लागली. ही १९९० साली बांधलेली, ११ मजल्यांची बोट. बेट हेच मुख्य असेल, तर क्रूझ घेऊ नका. कोचीहून विमानाने अगत्ती गाठा आणि तीन-चार रात्री तिथेच राहा. एक दिवस समुद्र खवळला तर दुसरा हाताशी असतो. मधला मार्ग म्हणजे लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेचं ‘समुद्रम्’ पॅकेज. त्यात कोचीहून निघून पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं होतात. रात्र बोटीवर काढायची, दिवस बेटावर. ती प्रवासी वाहतुकीची बोट आहे, करमणुकीची नव्हे, हे ओळखून जा.

पुढचं सगळं मुंबईहून जाणाऱ्या जोडप्यासाठी लिहिलं आहे.

तारीख निवडताना

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. जून ते सप्टेंबर मान्सून असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. ‘ओखी’ने लक्षद्वीपला तडाखा दिला तो २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ लक्षद्वीपजवळच जन्माला आलं. दिवाळीच्या सुट्टीतली स्वस्त तारीख दिसली की हे आठवा.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट होते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही छोट्या बोटी बंद. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरात वादळ झालं की तिथून निघालेली लांब, गुबगुबीत लाट काही दिवसांनी केरळ-लक्षद्वीपला पोचते. केरळात हिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था तिचे इशारे देते. निघायच्या चार दिवस आधीपासून तिचा लक्षद्वीपचा अंदाज रोज पाहा. दोन आकडे बघायचे: लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद. उंची दीड मीटरच्या वर आणि अंतर बारा सेकंदांच्या वर दिसलं, तर उतरणं अवघड आहे असं समजून मनाची तयारी ठेवा. नुसता वाऱ्याचा अंदाज पाहून फसगत होते.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला लगूनमधलं पाणी फार उतरतं, प्रवाळाचे माथे वर येतात आणि बोटींना वाट अरुंद होते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याचा चढउतार कमी असतो. अमावास्येचा फायदा एवढाच की रात्री भर समुद्रात सर्वांत वरच्या मजल्यावरून तारे असे दिसतात की घरी सांगून कोणाला पटणार नाही.

कागद आणि पैसे

लक्षद्वीपला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढते, पण तुमची कागदपत्रं वेळेवर पोचली तरच. नवविवाहितांचं इथे हमखास अडतं. तिकीट सासरच्या नावाने, आधार माहेरच्या नावाने. तिकिटावर तेच नाव, त्याच स्पेलिंगने टाका जे सोबत नेणार असलेल्या ओळखपत्रावर आहे. लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून धक्क्यावर काम होईल, या भरवशावर राहू नका. मूळ ओळखपत्र न्या, फोनमधला फोटो पुरत नाही. जोडप्यातल्या एकाकडे परदेशी पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल, तर त्याच्या परवानगीचे नियम वेगळे आहेत. हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

जाहिरातीतली किंमत माणशी असते, दोघं एका केबिनमध्ये धरून. तिच्यावर बंदर शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी चढतो. बेटावरची सहल, दारू, वायफाय, स्पा हे वेगळं. ‘दोघांचे मिळून, सगळे कर धरून, बेटावर उतरण्याच्या सहलीसकट एकूण किती’ असा एकच आकडा मेलवर मागा. अटींमध्ये दोन ओळी शोधा: हवामानामुळे बेट रद्द झालं तर काय परत मिळतं, आणि मार्ग बदलला तर काय. बहुतेक करारांत मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो आणि परत मिळतात ते फक्त त्या सहलीचे पैसे.

केबिन कुठली

आतली केबिन, खिडकीची, बाल्कनीची, सुईट असे प्रकार असतात. साधी केबिन जेमतेम १२० चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे मुंबईतल्या छोट्या बेडरूमएवढी, त्यातच न्हाणीघर. दोघांपैकी कोणालाही गाडी लागत असेल तर बाल्कनीपेक्षा जागा महत्त्वाची. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी असतात. बोट तराजूच्या दांडीसारखी मधल्या भागावर वर-खाली होते, त्यामुळे नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडची, केबिन सर्वांत जास्त उचलली जाते आणि आपटते. उंच मजल्यावर डावी-उजवी झोक जास्त जाणवते. म्हणजे सर्वांत महाग केबिन पुष्कळदा सर्वांत हलणारी असते.

मजल्यांचा नकाशा मागा आणि आपल्या केबिनच्या डोक्यावर व पायाखाली काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव किंवा नाचाची जागा असेल तर रात्री एकपर्यंत ढोलताशा. खाली थिएटर असेल तरी तेच. वर आणि खाली दोन्हीकडे केबिन असतील अशी निवडा.

बाल्कनी किंवा खिडकी घेणार असाल तर बाजू विचारून घ्या. दक्षिणेकडे जाताना पश्चिम उजव्या हाताला असते, म्हणून जाताना सूर्यास्त उजव्या बाजूच्या केबिनमधून दिसतो आणि येताना डाव्या. पहिल्या संध्याकाळचा सूर्यास्त हवा असेल तर उजवी बाजू.

दोन पलंग जोडून मोठा करता येतो, पण आपोआप मिळत नाही. बुकिंगवेळीच सांगा. मधल्या फटीवर टाकायला जाड चादर मागा.

सामानातल्या न सुचणाऱ्या गोष्टी

लोहचुंबकाचे चार आकडे न्या. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, ओले कपडे आणि टोप्या टांगायला दुसरी जागा नसते. सॉकेट आपल्या तीन पिनांचं असेलच असं नाही, म्हणून युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड तपासणीत काढून घेतात, कारण बोटीवर आगीची भीती सर्वांत मोठी. मोठी बॅग धक्क्यावर दिली की केबिनच्या दारात यायला काही तास लागतात, तेव्हा औषधं, पोहण्याचे कपडे, चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. पातळ स्वेटर किंवा शाल हवीच, आतला एसी गारठवतो.

बोट लागू नये म्हणून

कान सांगतो हलतंय, डोळ्यांना केबिनची स्थिर भिंत दिसते. मेंदूचा हा गोंधळ पोटात उतरतो. त्यावरून उपाय सुचतो: डोळ्यांनाही हलताना दिसू द्या. मधल्या मजल्यावर उघड्या हवेत उभं राहून क्षितिजाकडे बघा. मोबाईल, पुस्तक बंद.

गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ‘अव्होमिन’ म्हणजे प्रोमेथाझिनची २५ मिलिग्रॅमची गोळी लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना, नाहीतर निघण्याच्या एक-दोन तास आधी घेतात. तिने झोप येते, तिच्यावर दारू अजिबात नको. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गर्भारपण किंवा इतर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घरी एका सुट्टीच्या दिवशी गोळी घेऊन बघा, म्हणजे आपल्याला किती गुंगी येते ते कळतं. गर्भवती असाल तर कंपनीचा नियमही विचारा. क्रूझवर साधारण २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत.

रिकाम्या पोटाने त्रास वाढतो, तुडुंब पोटानेही. कोरडी खारी, टोस्ट, सफरचंद, आलेपाक, आवळा सुपारी जवळ ठेवा. पहिल्या रात्रीच्या बुफेवर तुटून पडणं हे दुसऱ्या दिवशी आडवं होण्याचं सर्वांत सामान्य कारण.

आणखी एक. हिवाळ्यात कोकण किनाऱ्याला वारा बहुधा वायव्येकडून असतो. दक्षिणेकडे जाताना लाटा मागून येतात, बोट अलगद चालते. परत येताना त्याच लाटा समोरून येतात आणि नाळ आपटते. ‘जाताना काही झालं नाही’ म्हणून परतीची गोळी टाळणारे नेमके शेवटच्या रात्री आजारी पडतात.

एकाला बोट लागली आणि दुसरा ठणठणीत आहे, असं जोडप्यांत अनेकदा होतं. ठणठणीत माणसाने घोट-घोट पाणी, मीठ-साखर-लिंबू, कोरडं खाणं आणून द्यावं, जमेल तेव्हा उघड्या हवेत न्यावं. पडून राहायचं असेल तर उताणं, डोळे मिटून, डोकं स्थिर. मग ठणठणीत माणसाने बाहेर जावं. दोघांनी अंधाऱ्या केबिनमध्ये बसून एकमेकांबद्दल अपराधी वाटून घेण्यात काही अर्थ नाही. दर दीड तासाने येऊन बघायचं असं ठरवा आणि पाळा. सहा-आठ तास पाणीही टिकत नसेल, तर बोटीवरच्या डॉक्टरकडे जा.

समुद्रावरचा आख्खा दिवस

मुंबई ते अगत्ती ३० तासांच्या वरचा प्रवास आहे, म्हणून मधला एक दिवस चारही बाजूंना फक्त पाणी. बहुतेक भांडणं याच दिवशी होतात आणि कारण फार साधं असतं: फोन लागत नाही. एक जण तलावाजवळ वाट बघतो, दुसरा नाश्त्याला. किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर रोमिंग चालू असल्यास तो बोटीवरच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि बिल धडकी भरवणारं येतं. त्याऐवजी केबिनच्या आरशावर कागद चिकटवा आणि बाहेर पडताना कुठे चाललो, किती वाजता येणार ते लिहा. चुकामूक झालीच तर भेटायची एक जागा ठरवून ठेवा. दोन्ही कार्ड-चाव्या वेगवेगळ्या खिशांत हव्यात.

दिवसातले दोन-तीन तास मुद्दाम वेगळे घालवा. एकाला सकाळी सहाला डेकवर चालायचं असतं, दुसऱ्याला दहापर्यंत झोप. दोघांनाही करू द्या आणि संध्याकाळचा सूर्यास्त व जेवण एकत्र ठेवा. बोटीवर खर्च कार्डावर चढतो, नोट हातातून सुटत नाही, म्हणून आकडा लक्षात येत नाही. रोजची मर्यादा आधी ठरवा आणि रोज रात्री काउंटरवर हिशोब बघा. शेवटच्या सकाळी त्या रांगेत चुकीची नोंद दुरुस्त करून घेणं जिकिरीचं होतं.

निघतानाची सुरक्षा कवायत चुकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. जमण्याची जागा दोघांना तोंडपाठ हवी. संकटात एकमेकांना शोधत केबिनकडे धावू नका, जिथे असाल तिथून थेट तिथे जा.

छोटी बोट

आदल्या रात्री टोकन किंवा गटाची वेळ मिळते. शक्य तितकी पहिली घ्या. वारा दुपारकडे वाढतो, आणि काम मधेच थांबवावं लागलं तर मागचे गट बोटीवरच राहतात. ‘बेटावर सहा तास’ हा आकडा पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंतचा असतो. जाण्या-येण्याच्या रांगा वजा करा.

बोटीच्या कुशीतलं पाण्यालगतचं दार उघडतं आणि समोर छोटी बोट वर-खाली होत असते. तिथे असं करा:

१. दोन्ही हात रिकामे ठेवा. सामान पाठीवरच्या पिशवीत, फोन पाणबंद पाऊचमध्ये. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळलेले.
२. खलाशाचा तळवा धरू नका. मनगटाच्या वरचा हात धरा, तोही तुमचा तसाच धरेल. ओला तळवा सुटतो, ही पकड सुटत नाही.
३. छोटी बोट वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाऊल टाका. उडी मारायची नाही. खलाशी सांगेल तेव्हाच, आणि सांगितल्यावर कचरायचं नाही. अर्धवट टाकलेलं पाऊल सर्वांत धोक्याचं.
४. एकमेकांचा हात सोडा. जोडप्यांची ही नेहमीची चूक. एक पुढे गेला, बोट खाली गेली, की दुसरा ओढला जातो आणि दोघांचाही तोल जातो.
५. आत गेल्यावर लगेच बसा. हात कठड्याच्या बाहेर नको.

गुडघे दुखत असतील, पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल तर ही पायरी खरोखर विचार करण्यासारखी आहे. येताना दमलेल्या पायांनी तीच उलट करायची असते.

लगूनमध्ये

पाण्याखाली बघण्यासाठी मुखवटा (स्नॉर्कलिंगचा मास्क) भाड्याने घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. दाट मिशीतून पाणी आत येतं, मिशीवर थोडं व्हॅसलीन लावा. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून एकदा विसळा. पट्टा करकचून आवळल्याने गळती वाढते, कमी होत नाही. पोहता येत असलं तरी जॅकेट घाला. सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात, पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घेण्याची सवय करत.

दोघांनी एकमेकांपासून हाताच्या अंतरावर राहा आणि दर मिनिटाला डोकं वर काढून जोडीदार आणि बोट दोन्ही बघा. ओहोटीला पाणी लगूनमधून प्रवाळाच्या कड्यातल्या वाटेने बाहेर ओढलं जातं, त्या वाटेजवळ जाऊ नका. प्रवाळावर उभं राहायचं नाही. ते जिवंत आहे, पायाखाली मरतं, आणि त्याची जखम चिघळते. पाठ, मान आणि गुडघ्यांची मागची बाजू तासाभरात भाजून निघते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हा क्रीमपेक्षा चांगला उपाय, त्याने प्रवाळालाही क्रीमचा त्रास होत नाही.

मेलेलं प्रवाळ, शिंपला, वाळूची बाटली काहीही उचलू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

अगत्ती हे सुमारे सात किलोमीटर लांबीचं, अरुंद, वस्तीचं बेट आहे. लोक मुस्लिम आहेत, दारूबंदी आहे. गावातून जाताना दोघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवा. बायकामुलांचे फोटो विचारून काढा. सुटे पैसे न्या, शहाळं आणि वाळवलेल्या कुपेचे (ट्यूना माशाचे) पदार्थ तिथल्याच माणसांकडून घ्या. आपला प्लास्टिकचा कचरा परत बोटीवर आणा, एवढ्याशा बेटावर तो टाकायला जागाच नाही.

उतरता आलं नाही तर

कप्तानाचा निर्णय अखेरचा. काउंटरवर आरडाओरडा करून छोटी बोट सुटत नाही. आणि ज्याने उतरवलं नाही, त्याने बहुधा तुमचे पाय वाचवलेले असतात. घोषणा होताच दोन कामं करा: सहलीचे पैसे परत करण्याची नोंद लेखी घ्या, आणि त्या दिवसाच्या स्पा-जेवणाच्या जागा लगेच राखून ठेवा, कारण तासाभरात सगळी बोट त्याच रांगेत असते. लग्नाचा वाढदिवस, केक, अंगठी असलं काही बेटाच्या दिवसावर टांगू नका. समुद्रावरच्या दिवसाची संध्याकाळ निवडा, तिला हवामानाची अट नाही. मधे कोची किंवा गोवा असलेली फेरी घेतली, तर निदान एक बंदर धक्क्याचं मिळतं आणि पाय जमिनीला लागतात.

परत मुंबईत

आदल्या रात्री मोठी बॅग दाराबाहेर ठेवायची असते. सकाळचे कपडे, चपला आणि ओळखपत्र आधी बाजूला काढा. गडबडीत सगळं बॅगेत जातं आणि लोक नाइटड्रेसवर धक्क्यावर उतरतात. घरी आल्यावर अंघोळ करताना भिंत झुलल्यासारखी वाटेल. कानाला जमिनीची सवय व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून त्या दिवशी बॅलार्ड पिअरवरून घरापर्यंत गाडी स्वतः चालवू नका.